भेंडीच्या पाण्याची तार

मधली सुट्टी झाली की बाई काचेच्या पेल्यात चमचा बुडवून वर उचलायच्या. चमच्यापासून पेल्यापर्यंत पारदर्शक, लोंबती तार धरायची. ती तुटेपर्यंत आम्ही बाकीच्या शिक्षिका आपापले डबे धरून दुसरीकडे बघायचो.

"तोंड काय फिरवता? तार बघा, तार!" बाई म्हणायच्या. रात्रभर चिरलेली भेंडी भिजवलेलं ते पाणी असे. मग डोळे मिटून गटागटा प्यायच्या. कसं लागतं असं कुणी विचारलंच, तर ठरलेलं उत्तर, "चव विचारू नका, परिणाम विचारा."

डोंबिवलीच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत. मी ठाण्याहून नव्यानं मराठी शिकवायला आलेले. बाईंना मधुमेह होता, आणि गोडाची आवडही होती. कल्याणच्या डॉक्टरांनी रोजची इन्शुलिनची सुई सुरू केली आणि गोड बंद केलं. सुई बाईंनी निमूट मान्य केली. गोडाबद्दल मात्र त्यांचं म्हणणं होतं, की तपासल्याशिवाय शिक्षा नको.

कोपरची एक भाजीवाली शाळेच्या फाटकाशी बसे. तिनं एकदा विचारलं, "बाय, रोज येवरी भेंडी? घरान मानसा तरी किती हान?"

"एकटीच," बाई म्हणाल्या, "पण प्रयोग दोन चाललेत."

दुसरा प्रयोग इसबगोलाचा. एका रविवारी त्यांनी नुसती पुरणपोळी खाल्ली. पुढच्या रविवारी तेवढीच पोळी, पण आधी इसबगोल. दोन्ही वेळा स्वतःच्या लघवीचे थेंब निळ्या द्रावणात टाकून परीक्षानळी उकळली. साखर नसेल तर निळा रंग तसाच राहतो. साखर वाढेल तसा हिरवा, पिवळा, शेवटी विटेसारखा होतो. पहिल्या रविवारी वीट निघाली. दुसऱ्या रविवारनंतर सोमवारी बाई मला हाताला धरून प्रयोगशाळेत घेऊन गेल्या आणि नळी उजेडात धरली. पिवळसर हिरवी.

"पास!" त्या म्हणाल्या. "अगं, पोटात हा चिकटा होतो ना, त्यात साखर अडकत अडकत पुढं जाते. रक्तात एकदम घुसत नाही."

आमच्या हेडमास्तरांनाही मधुमेह होता आणि तेही सुई घेत. शाळा तपासायला साहेब आले, त्या दिवशी फराळाची बासुंदी बाईंकडे होती. हेडमास्तरांनाही वाटीभर खाता यावी म्हणून बाईंनी कुणाला न सांगता पातेल्यात इसबगोल ढवळला. तपासणी लांबली. तासाभरानं वाट्या भरल्या, तेव्हा साहेबांचा चमचा बासुंदीत ताठ उभा राहिला.

"ही कुठली पद्धत?" साहेबांनी विचारलं.

"आमच्याकडची," बाई शांतपणे म्हणाल्या. "घाईनं खायची नसते, एवढंच."

साहेबांनी वाटी चाटूनपुसून संपवली. हेडमास्तरांनी दोन संपवल्या, मागाहून बाईंकडून चिकट्याचं गुपित ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून तेही भेंडीचं पाणी पिऊ लागले. शिक्षकांच्या खोलीत दोन तारा लोंबू लागल्या.

पुढं चार-पाच दिवस हेडमास्तर ओढल्यासारखे दिसले. सारखं पाणी मागायचे. सहाव्या दिवशी प्रार्थना चालू असताना ते खुर्चीतून घसरले. त्यांना कल्याणच्या दवाखान्यात नेलं. बाई आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या, सोडायच्या.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर शुद्धीवर आले. बाईंना बघून ओशाळं हसले. "भेंडी एक दिवस चुकवली नाही हो."

"आणि सुई?"

"सुई... म्हटलं, आता कशाला?"

"सर!" बाईंचा आवाज चढला आणि तिथंच फाटला. "चिकटा साखर अडवतो. हाकलून देत नाही. मी सुई सोडा असं कधी म्हटलं होतं?" मग खाली बघून म्हणाल्या, "सोडू नका, असंही म्हटलं नव्हतं. चूक माझी."

त्यानंतर रोज सकाळी शाळेत येताना बाई हेडमास्तरांच्या दारात उभ्या राहत. आतून "घेतली!" अशी हाक आली तरी हलत नसत. "दाखवा," म्हणत. हेडमास्तर चरफडत बाहेर येऊन त्यांच्यासमोर सुई टोचून घेत. शिक्षकांच्या खोलीत पेला चालूच राहिला, पण कुणी पाककृती विचारली की बाई आधी विचारत, "डॉक्टर काय म्हणाले?"

निवृत्तीनंतर बाई नाशिकला भाच्याकडे गेल्या आणि दोन वर्षांत न्यूमोनियानं गेल्या. भाच्यानं त्यांची प्रयोगांची वही शाळेला आणून दिली. हेडमास्तर आणि मी ती उघडली. पानोपानी सुबक रकाने: पदार्थ, सोबत काय घेतलं, रंग. शेवटची नोंद आमरसाची होती. रंग: वीट. सोबत काय घेतलं, त्या रकान्यात लिहिलं होतं, "काही नाही. हापूस होता. धीर निघाला नाही."

हेडमास्तर इतके हसले, की डोळे पुसायला चष्मा काढावा लागला. मग बराच वेळ त्यांना तो परत घालता येईना.