मध्यरेषेवरचा हात

विलास गेला त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्याच्याकडे गेलो होतो. घाटकोपरच्या रुग्णालयात खिडकीजवळची खाट होती, कावीळ डोळ्यांत उतरली होती आणि हात इतके बारीक झाले होते की, याच हातांनी हा माणूस उजव्या कोपऱ्यातून चढाईपटूंचे घोटे धरून त्यांना आडवं करायचा हे कुणाला सांगून पटलं नसतं. मी स्टुलावर बसलो. त्याने मला ओळखलं, पण तब्येतीचं काही बोलला नाही, बायको कुंदाचं नाही, मुलीचं नाही. म्हणाला, "हडकर मास्तर परत पंच म्हणून उभा राहिला का रे कुठे?" मी म्हटलं, "नाही." "नक्की?" "नक्की रे. सहा वर्षांत शिट्टीला हात लावला नाही त्याने." तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "झकास." दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाच्या भावाने मी कामाला असतो त्या गोदामात फोन केला. त्याला जाऊन आता पाच आठवडे झाले आहेत.

मेलेल्या माणसाबद्दल गोड लिहावं अशी रीत आहे. पण विलास गोड नव्हता आणि मीही नाही. आम्हा दोघांची दोस्ती कबड्डीने केली हे खरं, पण ती टिकवली सुडाने. एका माणसाचा आम्ही मिळून काटा काढला आणि त्याची मजा घेतली. मला मास्तरांची तेव्हाच दया येत होती असं आज लिहिलं तर ती शुद्ध लबाडी होईल. मजा येत होती, भरपूर येत होती.

आम्ही कांदिवलीचे. विलास माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. तो टीव्ही दुरुस्तीचं काम शिकला आणि लग्नानंतर अंधेरीला राहायला गेला, पण संध्याकाळी सरावाला हजर. पकड कशी चुकवायची, हात कुठे मारायचा, दम किती पुरवायचा हे मला त्याने शिकवलं. दम म्हणजे चढाई करणाऱ्याने एका श्वासात चालू ठेवलेला 'कबड्डी कबड्डी'चा घोष. समोरच्यांच्या अंगणात तो तुटला की तुम्ही बाद, मग तुम्ही कितीही गडी मारलेले असोत. विलास मला भिंतीकडे तोंड करून उभा करायचा, मागून कमरेला मिठी मारून पोट दाबायचा आणि सांगायचा, "आता म्हण. थांबलास तर जेवायला मिळणार नाही." त्याची आई आतून ओरडायची, "अरे, मारशील त्या पोराला!"

सहा-सात वर्षांपूर्वी आम्ही उपनगरच्या मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचलो. समोर गोरेगावचा संघ, मैदान घाटकोपरचं, आणि टीव्हीवाले आपला मोठा कॅमेरा घेऊन आलेले. माझं लक्ष मात्र कॅमेऱ्याकडे नव्हतं. पहिल्या रांगेत एका बँकेचे दोन साहेब बसले होते. त्यांना संघासाठी एक चढाईपटू घ्यायचा होता आणि जिंकणाऱ्या संघाचा घेणार हे आदल्या दिवशीच कानावर आलं होतं. वडिलांची गिरणी संपात गेली ती गेलीच. घरात मिळवता कुणी नव्हता. बँकेची नोकरी म्हणजे काय हे तेव्हाच्या कुठल्याही घराला विचारा.

पंच होते हडकर मास्तर, मुलुंडच्या एका शाळेत कसरत शिकवणारे. त्यांची एक पद्धत सगळ्या उपनगरांत प्रसिद्ध होती. वाद झाला की ते खेळाडूला जवळ बोलवायचे आणि म्हणायचे, "मातीला हात लाव आणि सांग." मैदानात उतरताना जी माती आपण कपाळाला लावतो, तिच्यावर हात ठेवून खोटं बोलायची कुणाची छाती व्हायची नाही. खेळाडू जे सांगेल ते मास्तर मान्य करायचे, स्वतःचा निर्णयसुद्धा फिरवायचे. नियमाच्या पुस्तकात हे कुठे नव्हतं, पण कुणी तक्रार केली नव्हती.

शेवटची चढाई माझी. आम्ही दोन गुणांनी मागे. मी कोपऱ्यातल्या गड्याला हात मारला आणि परतताना त्याच्यासकट तिघांनी मला धरून खाली पाडलं. तोंड मातीत, अंगावर तीन माणसं, आणि मी हात पुढे ताणत ताणत मध्यरेषेला बोटं टेकवली. दम असताना हात रेषेला लागला असेल तर तिघेही बाद, तीन गुण, आम्ही विजयी. शिट्टी वाजली. मी वर पाहिलं तर मास्तरांचा हात गोरेगावकडे. "दम गेला," ते म्हणाले. मी त्यांच्याकडे बघत राहिलो, मातीला हात लावायला सांगतील म्हणून. विलास ओरडत होता, "विचारा त्याला! सगळ्यांना विचारता, त्यालाच का नाही?" मास्तरांनी विचारलं नाही. त्यांनी पाठ फिरवली आणि गुणपत्रकावर सही केली. गोरेगावच्या पोराला बँकेत नोकरी लागली. मी औषधांच्या गोदामात खोकी मोजायला लागलो, आजही मोजतोय.

चार दिवसांनी टीव्हीवर सामन्याचा अर्धा तास दाखवला. विलासच्या खोलीत पंचवीस माणसं कोंबलेली, दारात चपलांचा ढीग. निर्णायक चढाई सुरू झाली आणि कॅमेरा गेला स्टेजवरच्या प्रमुख पाहुण्यांकडे. पाहुणे नारळपाणी पीत होते. खोलीत असा काही गोंधळ झाला की शेजारचे धावत आले. कॅमेरा परत आला तेव्हा मी खाली पडलेलो होतो, पण हात दिसला... माझी बोटं रेषेवर, आणि मास्तरांचा हात त्यानंतर वर! "बघितलं? बघितलं?" सगळे नाचायला लागले. आवाज कुणाला ऐकू आलाच नाही.

विलासने तो कार्यक्रम दुकानात दुरुस्तीला आलेल्या एका गिऱ्हाइकाच्या व्हिडिओवर टेप करून ठेवला होता. ती कॅसेट आमची पोथी झाली. दर रविवारी विलास दुकानातला एखादा व्हिडिओ घरी आणायचा आणि पारायण व्हायचं. "कॅसेटचा आवाज गेलाय," विलास पहिल्याच रविवारी म्हणाला, "चित्र बघा, चित्रात सगळं आहे." मग चित्रावरून वाद. एक जण म्हणायचा पंच चुकीच्या बाजूला उभा आहे, तिथून त्याला काय डोंबल ऐकू येणार? दुसरा म्हणायचा हात लागला आणि शिट्टी यात एवढं अंतर आहे की मास्तरने विचार करून आम्हाला मारलं. कुणी शंका काढली की बाबांनो, तोंड मातीत आहे, दम दिसणार कसा, तर विलास त्याला म्हणायचा, "तू गोरेगावला राहायला जा."

तिथून सूड सुरू झाला. विलास संघटनेला पत्रं लिहायचा, खाली आमच्या सगळ्यांच्या सह्या. मास्तर जिथे पंच म्हणून उभे राहतील तिथे आम्ही पंधरा-वीस जण तिकीट काढून जायचो, आणि त्यांनी शिट्टी तोंडाला लावली की एकसुरात 'कबड्डी कबड्डी' सुरू करून मध्येच थांबायचो. एकदम चिडीचूप. मैदानभर हशा. मुलुंडच्या बाजारातही पोरं त्यांच्या पाठीमागे तेच करायला लागली. एकदा भाजीवाल्याच्या समोर मास्तर थांबले, वळून बघितलं आणि कोथिंबीर न घेताच निघून गेले. विलासने हे मला तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा आम्ही पोट धरून हसलो. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे त्याने तिसऱ्या वेळी सांगितलं.

आणि एका रविवारी हडकर मास्तर स्वतः विलासच्या दारात उभे राहिले. पांढरी पँट, पांढरा शर्ट, जसे मैदानात यायचे तसेच. खोलीत आम्ही दहा-बारा जण होतो. "कॅसेट दाखवा," ते म्हणाले. कुंदाने पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. दोनदा बघितली. मग म्हणाले, "आवाज?"

"आवाज गेलाय," विलास म्हणाला.

"टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या घरी?"

विलास कॅसेट काढायला वाकला. मास्तर माझ्याकडे वळले. "सूर्यकांत, तू सांग. हात लावून सांग. दम होता?"

खोलीत माती कुठली? मी वाकलो आणि लादीला हात लावला. लादीवर खोटं बोललेलं चालतं, ती माती नव्हे, असा हिशेब माझ्या डोक्यात त्या एका क्षणात झाला होता, आणि तो मी वर्षानुवर्षं स्वतःला ऐकवत आलो. "होता," मी म्हणालो.

नव्हता. आज लिहून टाकतो. तोंडात माती गेली आणि रेषा चार बोटं लांब असतानाच माझा दम तुटला होता. हे मला त्या मैदानावरच ठाऊक होतं.

मास्तरांनी एकदा बंद टीव्हीकडे बघितलं. मग उठले, "मग माझाच कान गेला," एवढं म्हणाले आणि जिना उतरले. त्याच आठवड्यात त्यांनी पंचांच्या यादीतून नाव काढून घेतलं. आमच्याकडे पेढे वाटले गेले. विलासने अख्खा पेढा माझ्या तोंडात कोंबला आणि म्हणाला, "सुऱ्या, तुझी नोकरी खाल्ली त्याने. आता बस म्हणावं घरी." मी पेढा खाल्ला. चांगला लागला. पण त्या दिवसापासून विलासच्या डोळ्याला डोळा भिडवताना मला जड जायला लागलं. हा माणूस माझ्या शब्दावर विसंबून एका म्हाताऱ्याच्या मागे लागला, आणि मी त्याला फसवतोय... कितीदा वाटलं, सांगून टाकावं. ओठांपर्यंत यायचं आणि परत जायचं. सांगितलं असतं तर त्याने मला घरात घेतलं नसतं, अशी माझी खात्री होती.

तेराव्याला कुंदाने कॅसेट माझ्या हातात ठेवली. "भावजी, ही तुमचीच," ती म्हणाली. गोरेगावला माझ्या बहिणीने गेल्या दिवाळीत व्हिडिओ घेतलाय. तिथे गेलो, भाच्याला कॅसेट लावायला सांगितली. आणि पहिल्याच मिनिटाला निवेदकाचा आवाज खणखणीत ऐकू आला. मला वाटलं, बहिणीचा टीव्ही चांगला आहे. मग कळलं. पाहुण्यांचं नाव, पाहुण्यांचं समाजकार्य सांगता सांगता निवेदक श्वास घ्यायला थांबतो. मैदान श्वास रोखून आहे. त्या शांततेत माझाच आवाज येतो, "कबड्डी कबड्डी कब..." आणि मग काहीच नाही. मी आकडे मोजले. एक, दोन. मग हात रेषेवर. मग शिट्टी.

म्हणजे विलासला पहिल्या रविवारच्या आधीपासून माहीत होतं. दुकानात त्याने ते ऐकलं होतं. अख्ख्या अंधेरीचे टीव्ही बोलते करणाऱ्या माणसाने एकच कॅसेट सहा वर्षं मुकी ठेवली, ती माझ्यासाठी. आणि मी समजत होतो, मी त्याला फसवतोय! तिथल्या तिथे मला इतका राग आला की तो समोर असता तर कॉलर धरली असती. अरे, एकदा म्हणायचं होतंस, "सुऱ्या, मला ठाऊक आहे रे." दोघे मिळून खोटे झालो असतो. मी एकटाच खोटा म्हणून तुझ्या घरी दर रविवारी मान खाली घालून चहा पीत बसलो. तुला माझी कीव येत होती का? विचारायची सोय ठेवली नाहीस.

गेल्या रविवारी मुलुंडला गेलो. मास्तर खुर्चीत बसून पेपरची, आता तुमच्या हातात आहे हीच पुरवणी वाचत होते. मला बघून चष्मा काढला. घरच्या पोराला हाक मारावी तसं मालवणीत म्हणाले, "काय रे झिला, ये." त्यांच्या दारात लहानशी बाग आहे. मी खाली बसलो, तुळशीच्या कुंडीतल्या मातीवर हात ठेवला आणि सांगितलं, "दम गेला होता, मास्तर."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "तुटताना चांगला ऐकला होता मी."

"मग त्या दिवशी मैदानात मला विचारलं का नाही? सगळ्यांना विचारायचात."

त्यांनी चष्मा शर्टाला पुसला. मग म्हणाले, "बँकेचे साहेब समोर बसलेले. तुझा बाप घरी बसलेला. विचारलं असतं तर तू खोटं बोलला असतास. मातीत हात घालून तुला खोटं बोलायला लावू?"

त्यांचा सूड घ्यायला आम्ही ज्या एका गोष्टीवरून सहा वर्षं दात धरला होता, ती ही होती. आणि तरी मला सांगितलं पाहिजे की त्या क्षणीसुद्धा मला त्यांचा राग आला. माझ्याबद्दल त्यांनी इतकं बरोबर ओळखावं याचा.

निघताना त्यांनी दारापर्यंत सोबत केली. चपला घालत होतो तेव्हा विचारलं, "विलासला माहीत होतं?"

"नाही," मी म्हणालो. "तो शेवटपर्यंत माझ्या शब्दावर होता."

मास्तरांनी मान हलवली. म्हणाले, "मग त्याच्यावर राग नाही माझा."

विलास, त्या दिवशी तुझ्यासाठी खोटं बोललो. माती अजून हाताला लागलेली होती, तरी बोललो. घरी येईपर्यंत तुझ्यावरचा राग काही गेला नाही, आणि आजही गेलेला नाही. म्हणून हे सगळं लिहून पुरवणीला दिलं. मास्तर रविवारी सकाळी चहाबरोबर ती वाचतात, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.