जावयाची शाखा

मूठ कुठे धरावी यावरूनही जगात दोन पक्ष पडतात, हे डॉक्टर सुनेत्रा घाटेला ब्रिस्टलला आल्यावर कळलं. ग्लासगोला होती तोवर बिचारीला याचा पत्ताच नव्हता. दिवसभर हॉस्पिटलात पेशंटना भूल द्यायची आणि संध्याकाळी कम्युनिटी सेंटरमध्ये कराटे करायचं. कार पार्कमध्ये एका दारुड्याने तिचा दंड धरला होता आणि तिच्या तोंडून साधा आवाजही फुटला नव्हता, तेव्हापासून तिने हे धरलं होतं. पुढे रीतसर ब्लॅक बेल्ट मिळाला आणि ती दर बुधवारी बायकांचा वर्ग घ्यायला लागली. तोंडातून ब्र न काढणाऱ्या बायका महिन्याभरात अशा ओरडायला लागायच्या की शेजारच्या खोलीतले ब्रिज खेळणारे म्हातारे तक्रार करायचे. त्या तक्रारीचा तिला कोण अभिमान!

मग नवऱ्याला, सतीशला, ब्रिस्टलला विमानांच्या कंपनीत नोकरी लागली. सामान पुरतं उघडायच्या आत सुनेत्रा चर्चच्या हॉलमधल्या कराटे क्लबात पोचली. तिथले सेन्सेई, म्हणजे गुरुजी, होते नायजेल. हा गृहस्थ दिवसा घरं विकायचा आणि संध्याकाळी डोळे अर्धे मिटून जपानी व्हायचा. त्याने तिचा बेल्ट शिळी मासळी बघावी तसा बघितला.

"लव्हली," तो म्हणाला, "पण ही जावयाची शाखा."

झालं होतं असं, की ही शैली काढणारे म्हातारबुवा गेले आणि त्यांचा मुलगा नि जावई यांच्यात जुंपली. खरा वारस कोण? लगेच जगभरच्या क्लबांनी आपापली बाजू घेतली. ग्लासगोवाले जावयाचे, ब्रिस्टलवाले मुलाचे. फरक काय म्हणाल, तर मुलाकडचे मूठ कमरेशी ठेवायचे आणि जावयाकडचे चार बोटं वर, बरगडीशी. बस्स! एवढ्यासाठी ही शहाणीसुरती, गृहकर्ज फेडणारी माणसं एकमेकांचं तोंड बघत नव्हती.

"इथे वर्ग घ्यायचा तर आमचा ब्लॅक बेल्ट लागेल," नायजेल म्हणाला. "सुरुवात व्हाइटपासून."

दुसरी कुणी असती तर त्याला तिथेच दोन शब्द सुनावून निघाली असती. पण सुनेत्रा पडली गवयाची मुलगी. नागपूरला तिचे वडील गाणं शिकवायचे. दुसऱ्या घराण्याचं शिकून आलेल्या मुलीला ते सांगायचे, आधी शिकलेलं सगळं विसर, मग माझ्यापुढे बस. ती मुलगी रडायची आणि विसरायची, आणि सुनेत्राला ते फार थोर वाटायचं. तेव्हा नायजेलपुढे तिने मान खाली घातली आणि पांढरा पट्टा बांधला.

"अगं, तो काय तानपुरा घेऊन बसलाय का?" सतीश म्हणाला. "घरं विकतो तो!"

"तुला नाही कळायचं," ती म्हणाली. त्याला चांगलंच कळलं होतं.

चार वर्षं ही बाई मूठ चार बोटं खाली आणत राहिली. कालपरवा आलेली पोरंटोरं तिच्या पुढे उभी राहायची. नायजेल तिला 'सू' म्हणायचा आणि सगळ्यांदेखत तिचं मनगट धरून खाली ढकलायचा. घरी परतताना वाटेत ती तणतणायची, हा सगळा शुद्ध मूर्खपणा आहे म्हणून. सोसत होती ती फक्त इथेही बुधवारचा वर्ग सुरू करता यावा म्हणून.

ऐकायला बरोबर असायची क्लबातली पूर्वी नावाची मुलगी. ही पूर्वी फार्मसिस्ट, जन्म लेस्टरचा, आईवडील ठाण्याचे. सुनेत्राबरोबरच पांढऱ्या पट्ट्यापासून निघालेली, पण भराभर वर चढली आणि आता तिच्या ब्लॅक बेल्टची परीक्षा महिन्यावर आली होती. "मावशी, तुमची क्लास सुरू होईल ना, मी बायका आणणार," म्हणायची. आणि खरंच फार्मसीतल्या मुली, दोघीतिघी नर्सेस, अशा बायका तिने गोळा करून ठेवल्या होत्या.

आणि दोन हजार आठ साली मुलाच्या शाखेने अख्ख्या ब्रिटनलाच हाकलून दिलं. कारण काय, तर इथल्या मंडळींनी न विचारता म्हातारबुवांचा फोटो टी-शर्टवर छापला! दोन दिवसांत नायजेलने भिंतीवरचा मुलाचा फोटो उतरवला आणि जावयाचा लावला. इतकी निष्ठा! पण जावयाकडे मुलाचे बेल्ट चालत नव्हते. अख्ख्या हॉलमध्ये खरा ब्लॅक बेल्ट उरला एकच, तो सुनेत्राच्या कपाटात.

नायजेल कमरेत वाकून आला. "सुनेत्रा-सान," तो म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पूर्ण नाव, आणि वर आदराचं जपानी 'सान'! "सगळ्यांचे बेल्ट तुमच्या हातात आहेत. तुम्ही हो म्हटलंत तर वरचे लोक मानतील."

एक शब्द पुरला असता. राहू द्यात बेल्ट, म्हणाली असती तर सगळे सुटले असते. सुनेत्रा काळा पट्टा बांधून रांगेपुढे उभी राहिली. राग चार वर्षांचा होता, आणि खोटं कशाला बोला, तिला मजाही वाटत होती.

"सगळे व्हाइटपासून," ती म्हणाली. "आणि मुठी वर. चार बोटं."

नायजेलने सगळ्यांच्या आधी पट्टा सोडला. बाजार कुणीकडे झुकतोय ते त्याला बरोबर कळायचं.

"मावशी, मी पण?" पूर्वीने विचारलं. "माझा एक्झाम आहे ना पुढच्या महिन्यात?"

"नियम सगळ्यांना सारखाच, पूर्वी."

"पण तुम्हीच म्हणायच्या, हे सगळं स्टुपिड आहे."

सुनेत्राने पूर्वीचं मनगट धरलं आणि वर ढकललं. पूर्वीने हात सोडवून घेतला, बॅग उचलली आणि चपला हातात घेऊनच बाहेर पडली.

पुढच्या बुधवारी हॉलच्या दारावर पाटी लागली, 'बायकांचा वर्ग, सेन्सेई सुनेत्रा'. सुनेत्राने हीटर लावला, चटया घातल्या आणि वाट बघत बसली. पूर्वीने जमवलेल्या बायका तिच्याबरोबरच गेल्या होत्या. नगरपालिकेच्या व्यायामशाळेत त्या ट्रॅकसूटवर, बिनपट्ट्याच्या, हव्या तिथे मुठी धरून ओरडत होत्या.

घरी आल्यावर सतीशने हौसेने विचारलं, "काय, किती जणी आल्या?"

"बऱ्याच," ती म्हणाली, आणि आमटी गरम करायला आत गेली.