भेट म्हणून साबण

काउन्सेलर मॅडमनी टेबलावर एक पिशवी ठेवली. चमकी कागदाची, वर गुलाबी रिबीन. मला वाटलं, पोरीला कशाचं तरी बक्षीस मिळालं. मी लाजून "कायले मॅडम, कायले" म्हणत दोन्ही हात पुढे केले. आत दोन साबण, अंग घासायची एक घासणी आणि वासाच्या फवाऱ्याची एक बाटली.

"गिफ्ट समझिए," मॅडम म्हणाल्या. "समीक्षा के लिए. और चाहें तो पूरी फॅमिली के लिए."

माझी मुलगी समीक्षा, सातवीतली, शेजारच्या खुर्चीत होती. तिनं पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही. मी मात्र पुढे केलेले हात तसेच धरून बसले. भीक मागणाऱ्या बाईसारखे.

आमच्या गोतावळ्यात लग्न असो की बारसं, गोष्टी सांगायला मलाच बसवतात. मी माझ्याच फजित्या सांगते आणि माणसं पोट धरून हसतात. ही फजिती सांगताना कोणी हसलं तर मी त्याला ताटावरून उठवीन.

त्या दिवशी मी केवढी नटले होते. बहिणीच्या लग्नातली साडी. तोंडावर पावडर एवढी थापली की नवरा म्हणाला, "शाळेत चालली का नाटकात?" नवरा भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमध्ये, ठेकेदाराकडे, कोक ओव्हनवर, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर. राहणं खुर्सीपारच्या मजूर वस्तीत. मी घरी साड्यांना फॉल लावते. अशा घरची मुलगी इंग्रजी शाळेत, तेही सरकारनं गरिबांसाठी ठेवलेल्या फुकट सीटवर. काउन्सेलरनं बोलावलं म्हणजे मोठ्या डॉक्टरनं बोलावल्यासारखं. पालकसभेत सांगितलं होतं ना, मुलांच्या मनातलं ऐकायला मॅडम आहेत, घरच्यांनाही मदत करतात. मीच समीक्षाला म्हटलं होतं, "जा पोरी, सांग मॅडमले."

सांगायचं होतं ते एवढंच. वर्गात एकदा बाईंनी विचारलं, तुमच्या घरी सगळ्यात मोठा सण कोणता. कोणी दिवाळी म्हणालं, कोणी होळी. माझी पोर उभी राहून म्हणाली, "चौदा एप्रिल." निळा झेंडा, मिरवणूक, विहारातली खीर, सगळं आनंदानं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तीन मुली तिला पाहून नाक धरू लागल्या. आदल्या दिवसापर्यंत तिला वास नव्हता.

ती डबा तसाच परत आणू लागली. मधल्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन बसायची. मग ती मॅडमकडे गेली. आणि महिन्याभरानं आम्हाला बोलावणं आलं.

खोली छान होती. थंड. भिंतीवर चेहऱ्यांचा तक्ता: हसरा, रडका, रागीट, घाबरलेला. मॅडम म्हणाल्या, आज कसं वाटतं त्या चेहऱ्यावर बोट ठेवा. चाळीशी ओलांडलेली मी बाई. उठले, हसऱ्यावर बोट ठेवलं. मॅडमला बरं वाटावं म्हणून.

मग प्रश्न. घरी खोल्या किती. माणसं किती. न्हाणीघर स्वतःचं का. पोरीला मारता का. सगळे पोरीसमोर. नवरा पितो का विचारलं तेव्हा मी म्हटलं, पितो की, चहा, अन् साखर माझ्या जिवावर. माझ्या घरी यावर खोली हलली असती. मॅडमनी फक्त मान हलवली. जशी रोग्याच्या बडबडीवर हलवतात.

मी विचारलं, त्या तीन मुलींना काय समजावलं. मॅडम गोड हसल्या.

"वो बच्चियाँ हैं, मन की साफ़ हैं. गंध आएगी तो नाक पकड़ेंगी ही. आप लोगों में ध्यान नहीं देते ना."

आप लोगों में.

अख्ख्या भिलाईवर प्लांटची धूळ पडते. साहेबाच्या गाडीवर पडते, आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते. पण वास आमचा.

सीट फुकटची, मोठ्या लोकांपुढं तोंड उघडायची सवय नाही. मॅडम उठल्या, समीक्षाच्या मागे गेल्या आणि तिची कॉलर दोन बोटांनी ओढून खाली केली. "देखिए. पिछले महीने ही समझाया था इसे, रोज़ रगड़ना. अभी भी कितना मैल है."

मी पाहिलं. पोरीच्या मानेवर काळे-तांबडे चट्टे. वरची साल निघालेली. खपल्या. एका जागी अजून ओलं.

महिनाभर ती न्हाणीत तासभर बसायची. मी बाहेरून ओरडायचे, "राणीसाहेब, टाकी संपली." टाच घासायचा खरबरीत दगड मी शोधत होते, तो सापडत नव्हता.

"कायनं घासलं?" मी विचारलं.

"पत्थर से." मग अगदी हळू, "आई, जातच नाई."

तेव्हा मी उठले. आवाज चढला नाही. "हा मैल नाही, मॅडम. जखम हाय. शिकायत माझ्या पोरीनं केली होती. तुमी इलाज तिचाच केला."

"आप इमोशनल हो रही हैं," मॅडम म्हणाल्या आणि तक्त्याकडे हात केला. "बताइए, अभी कौन सा चेहरा?"

मी बोट ठेवलं नाही.

मग त्यांचा आवाज बदलला. म्हणाल्या, सीट फुकटची आहे, विचार करा, खुर्सीपारच्या सरकारी शाळेत ही जास्त सुखात राहील, आपल्या लोकांत.

मी पिशवी रिबिनीसकट त्यांच्या पुढ्यात सरकवली. पोरीचा हात धरला, बाहेर पडले. पावडर घामानं ओघळून गळ्यापर्यंत आली होती.

घरी आल्यावर दगड सापडला, तिच्या उशीखाली. मी तो नालीत फेकला. नवऱ्यानं मलम लावलं. त्याची काळी, जाड बोटं त्या मानेवरून इतकी हलकी फिरली की पोर झोपून गेली. मग तो म्हणाला, "नाव कापलं तर? मोठ्या लोकायच्या नादी कुठं लागतं?" भीती खोटी नव्हती. नाव कापलं तर इतकी चांगली शाळा तिला दुसरी मिळणार नाही, हे मलाही ठाऊक होतं.

मी म्हटलं, "कापू दे. कापणाऱ्याले माह्या तोंडापुढं कापावं लागन."

दुसऱ्या दिवशी वेण्या वर बांधल्या. कॉलरनं मान झाकू दिली नाही. समीक्षा दारात अडली. "सब देखेंगे, आई."

"पाहू दे. त्यायचंच काम हाय ते."

प्रिन्सिपलच्या दारात शिपाई म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत. मी उभी राहिले. शाळा सुटली, साहेब मागच्या दारानं गेले. आज परत उभी आहे. उद्याही असेन. माझं मागणं एवढंच: त्या तीन मुलींच्या आयांना त्याच खोलीत, त्याच खुर्चीत, त्यांच्या लेकींसमोर बसवून विचारा, घरी काय शिकवता. तोपर्यंत मी हलणार नाही. माझी पोर याच शाळेत शिकेल, आणि कोणाला आवडावं म्हणून अंगाची साल काढणार नाही.