दाराशेजारचा लाल पट्टा
पोळ्याला शिंगं रंगवायच्या ऑइल पेंटचा वास आला, की आजही आधी माझी नजर दाराशेजारच्या भिंतीकडं जाते आणि मग हसू फुटतं. जालन्याची महानगरपालिका झाल्यावर आमच्या गल्लीत रस्ता रुंद करायचं निघालं होतं. समोरच्या ओळीत भिंतींवर लाल पट्टे मारून झाले होते. पट्टा पडला म्हणजे घराचा पुढचा भाग गेला. त्या वर्षी मामाकडं वडीगोद्रीला पोळा करून आम्ही परतलो, तर आमच्या दाराशेजारी लालभडक पट्टा! आई ओट्यावर मटकन बसली. वडील पहार घेऊन आले आणि सागवानी चौकट उचकटायला लागले. जेसीबीखाली चुरा होण्यापेक्षा आपल्या हातानं काढलेली बरी. धूळ उडाली, बिजागऱ्या करकरल्या, दार निखळलं. तेवढ्यात मोंढ्याच्या बाजारातून शेजारच्या चाचांची बैलगाडी आली. "भाईसाब, हे काय करून राह्यले?" वडिलांनी पट्ट्याकडं बोट केलं. चाचांनी जीभ चावली. "या अल्ला! अहो, काल बैलाची शिंगं रंगवली न् मंग ब्रश तुमच्या भिंतीला पुसला मी." त्यांच्या बैलांची शिंगं त्याच रंगात चमकत होती. आई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली, मग तिनं चाचांना असं झापलं, की बैलसुद्धा मागं सरकले. पुढं खरी मोजणी झाली, तेव्हा आमची नुसती पायरी गेली. चौकट चाचांनीच परत बसवून दिली, ती जराशी तिरकी. दार लावताना अजून खांदा द्यावा लागतो. मी रोज देतो, आणि ढकलायला दार आहे याचं रोज बरं वाटतं.