दहापैकी राग किती?

आमच्या भाडेकरू हवालदारकाकांएवढा आवाज परमेश्वराने घणसोली गावात दुसऱ्या कुणाला दिला नसेल. मूळचे साताऱ्याकडचे. वरच्या खोलीत त्यांनी चहा मागितला की दोन गल्ल्या पलीकडचा पानवाला बिचकून गुटखा लपवायचा. अशा माणसाला खात्याने आठवडाभर प्रशिक्षणाला पाठवलं. विषय, भडकलेल्या माणसाला बळ न वापरता शांत कसं करावं. काका परतले ते कुजबुजतच. झाली पंचाईत! काकू रडत आमच्या आईकडे आल्या, "ह्यास्नी कायतरी झालंया वैनी, वरडतच न्हाईत!"

प्रशिक्षणाचा परिणाम नोंदवायला काकांना एक वही दिली होती. काका कामाला चोख. भांडण मिटवलं की वही उघडून दोन्ही बाजूंना विचारायचे, "आता राग किती उरला? धापैकी सांगा." पार्किंगवरून हातघाईवर आलेल्या दोन शेजाऱ्यांना त्यांनी असंच निवळवलं. एक म्हणाला, "दोन." दुसरा म्हणाला, "सात." "एवढं सॉरी बोललो तरी सातच?" म्हणून पहिल्याने पुन्हा त्याची कॉलर धरली. काकांनी निमूटपणे दोन्ही आकडे खोडून दहा-दहा लिहिले. आम्ही गच्चीवर पोट धरून हसत होतो.

मग पाळी आमच्याच घरावर आली. महाप्याच्या कंपनीतली नोकरी सुटल्यापासून माझा थोरला भाऊ आतल्या आत कुढत होता, त्याची झोप उडाली होती. एका दुपारी तो कोयता घेऊन अंगणात उभा राहिला. आई घरात, तो दारात. "कोनी जवल येवाचा नाय!" शेजाऱ्यांनी पोलिसांना फोन केला. काकांबरोबर दोन तरणे शिपाई काठ्या सरसावून आले. आता एकतर दादाचं डोकं फुटणार, नाहीतर त्याच्या हातून काहीतरी भलतं होणार, हे मला गल्लीतून दिसत होतं. काकांनी शिपायांना गल्लीच्या तोंडाशी थांबवलं, टोपी काढली आणि दहा पावलांवर तापलेल्या फरशीवर बसकण मारली.

"न्हाई येत जवळ. हितंच बसतू. गुडघं लई दुखत्यात. वाईच पानी मिळंल का?"

दादा बघतच राहिला. आमच्यात दारी आलेल्याने पाणी मागितलं तर वैऱ्यालाही नाही म्हणत नाहीत, आणि द्यायचं ते तांब्याखाली ताटली धरून, दोन्ही हातांनी. दादाने कोयता ओट्यावर ठेवला आणि आतून पाणी आणलं. "खाली नको बसू काका, पोलतंय," म्हणाला. काकांनी पाणी पिऊन पुन्हा मागितलं, मग आणखी एकदा. तिसऱ्या तांब्याला दादा त्यांच्या शेजारी बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. कोयता मी उचलला. त्या दिवशी काकांनी कुणाला आकडा विचारला नाही.

दादाला डॉक्टरांकडेही काकाच घेऊन गेले. आता ते निवृत्त होऊन गावी राहतात, आणि वरची खोली फारच शांत झाली आहे. परवा त्या प्रशिक्षणवाल्यांकडून एक बाई, पोलीस येऊन गेलेल्या घरांसाठीचा फॉर्म घेऊन आल्या. "प्रशिक्षणाचा काही परिणाम जाणवला का? होय किंवा नाही सांगा." आत दादा जेवत होता, कालवणात मीठ नाही म्हणून आईशी हुज्जत घालत होता. मी "होय" म्हणालो. बाईंनी खूण केली आणि विचारलं, "आणखी काही?" सांगायचं पुष्कळ होतं. मी आत गेलो आणि तांब्याखाली ताटली धरून, दोन्ही हातांनी त्यांच्यासाठी पाणी घेऊन आलो.