घरचा माणूस

अकोल्याहून अमरावतीला येताना एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि तोंडावर कापडदुकानाच्या मॅनेजरचा तोरा. अमरावतीत मुलीचा साखरपुडा आहे, म्हणून अर्धा दिवस मागून घेतला, असं त्यानं कौतुकानं सांगितलं. मग फोनवर दुकानातल्या एका पोरीला झापायला लागला. "ताप सगळ्याइलेच येते. तू काहून सुट्टी मांगून राहिली? गोळी घे अन् ये."

मी म्हटलं, "भाऊ, पगारी सुट्ट्या तं कायद्यानंच देल्या हायेत तिले."

त्याला माझी कीव आली असावी. "कायदा बाहेरच्याइले लागते. आमाले शेठ घरचा मानूस समजते."

मूर्तिजापूर जवळ आलं आणि शेठचा फोन आला. हा धावत्या गाडीत उठून उभा राहिला. मोकळ्या हातानं त्यानं गळ्याचं बटण लावलं. "हो शेठ. नाई, काई अडचन नाई. निघालोच."

स्टँडवर गाडी थांबताच तो उतरला. खिडकीतून मी पाहिलं, तर पलीकडच्या अकोला गाडीत तो लोकांना ढकलून चढत होता. गळ्याचं बटण अजून लावलेलंच होतं.