आंबीलआक्काचा हेवा

ब्रह्मदेशातून चालत आलेल्या माणसाला निपाणीत पहिल्यांदा मिळायची ती वाटीभर आंबील, आणि आंबील पिऊन झाली की सुपात मूठभर तूर. "खडं बगा जरा ह्यातलं," असं म्हणून आंबीलआक्का सूप त्याच्या पुढ्यात सरकवायची आणि चुलीकडे वळायची. पाय सुजलेले असोत, अंगात ताप असो, सूप चुकायचं नाही. मला हे पहिल्या दिवशीच खटकलं. पुढं रोजच तिच्यात खटकण्यासारखं काहीतरी मी शोधत गेले, कारण मला तिचा हेवा वाटत होता. आज हे लिहिता येतं. तेव्हा मी त्याला शिस्त म्हणत होते.

बेचाळीसचा उन्हाळा होता. जपान्यांनी रंगून घेतल्यावर तिकडं पोटासाठी गेलेली आपल्या भागातली माणसं डोंगर-जंगलातून चालत, मग आगगाडीनं, मग मोटारीनं परत येऊ लागली. कोणी गवंडी, कोणी भातगिरणीतला मजूर, कोणी दुकानातला गडी. आपापलं गाव गाठण्याआधी त्यांना चार दिवस टेकायला जागा हवी, म्हणून एका व्यापाऱ्यानं तंबाखूची मोकळी वखार दिली. वखार मोकळी होती, पण भिंतींतून वास गेला नव्हता. आलेला माणूस आधी शिंकायचा, मग बसायचा. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. सुट्टी होती, अक्षर बरं होतं, म्हणून मदत समितीनं नोंदीचं काम माझ्याकडे दिलं. नाव, गाव, कोणाबरोबर निघालात, वाटेत कोण दगावलं, असे प्रश्न छापील तक्त्यात होते.

आक्काला कोणी बोलावलं नव्हतं. सदलग्याच्या जैन शेतकरी घरातली ती विधवा, पन्नाशीची, काटक. नाचणीची दोन पोती आणि जातं बैलगाडीत घालून एके सकाळी वखारीच्या दारात उतरली आणि चूल मांडली. रात्रभर आंबवलेलं तिला चालत नसे, म्हणून तिची आंबील ताज्या ताकातली, मिठाचा खडा घातलेली. कानडी माणूस आला की "कूडरी" म्हणायची, मराठी आला की "बसा". त्यापलीकडे तिनं कोणाला काही विचारलेलं मी ऐकलं नाही.

माझ्या तक्त्यासमोर बसलेली माणसं मात्र नुसती बघत राहायची. "वाटेत कोण दगावलं?" म्हटलं की एखादा म्हणायचा, "न्हाय ठावं." तोच माणूस तासाभरानं तूर निवडता निवडता आक्काला सगळं सांगत असायचा. मी जवळ गेले की थांबायचा. एकदा मी तिला म्हटलं, "आजारी माणसांना कामाला लावता, हे बरं नव्हे."

"काम कुठलं, बाई," ती म्हणाली. "हात मोकळं ऱ्हायलं की माणूस लई मागं बगतंय."

दिवस मावळल्यावर ती जेवत नसे. मोटारी यायच्या त्या नेमक्या संध्याकाळी, आणि आलेल्यांचं करता करता तिचं जेवण राहून जायचं. दोन-तीनदा असं झाल्यावर एक म्हातारा गवंडी रोज वखारीबाहेर उभा राहून सूर्याकडं बघू लागला. "आक्का, जेवून घ्या, दिस टेकला," अशी त्याची हाक आली की सगळी वखार तिला पानावर बसवायला उठायची. मीही सकाळपासून उपाशी असायची. माझ्या जेवणाची चौकशी त्या वखारीत कोणी केल्याचं मला आठवत नाही.

इथवरचा हेवा साधा होता. तो वाढला माझ्या ताईमुळं.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. बेळगावात खडेबाजारात आमचं घर. आई लवकर गेली, त्यामुळं माझी वेणी घालण्यापासून पाढे घोकून घेण्यापर्यंत सगळं ताईनं केलं. लग्न होऊन ती रंगूनला गेली. भावोजी एका लाकडाच्या कंपनीत कारकून. मुलगा झाला, त्याचं नाव श्याम. मी त्याला फोटोतच पाहिला होता. जूनच्या सुरुवातीला कोल्हापूरच्या मोटारीतून ताई एकटीच उतरली. मी तिला ओळखलं ते तिच्या चालण्यावरून. मिठी मारली, तर तिचे हात खालीच राहिले.

तिला मी माझ्या खोलीवर नेलं. न्हाऊ घातलं, मऊ भात केला, शाळा सुरू झाल्यावर तिथून धावत परत येऊ लागले. रोज विचारायची, "ताई, बोल गं काहीतरी. भावोजी कुठं आहेत? श्याम कुठं आहे?" ती भिंतीकडं तोंड करायची. आणि रोज सकाळी, मी उठायच्या आत, वखारीत जाऊन जात्यापाशी बसायची. एका बाजूला आक्का, दुसऱ्या बाजूला ताई, खुंट्यावर दोघींचे हात. माझ्या हाताला हात न लावणारी ताई त्या बाईच्या हातावर हात ठेवून दळत होती.

एका दुपारी मी वखारीच्या दाराशी पोचले तेव्हा जात्याच्या घरघरीतून मला ताईचा आवाज ऐकू आला. ती बोलत होती, संथ, न थांबता. शब्द कळत नव्हते. मी आत पाऊल टाकलं आणि आवाज बंद झाला.

ताई पाणी आणायला गेली तशी मी आक्कासमोर बसले. "काय सांगितलं तिनं?"

आक्कानं पीठ सारखं केलं. "ते तिचं हाय, बाई."

"मी तिची सख्खी बहीण आहे."

"व्हय की. मग ती सांगंल तवा सांगंल. तिनं माज्याजवळ ठेवल्यालं मी कसं दिऊ?"

दुसऱ्या दिवशी मी समितीच्या अध्यक्षांकडे गेले. वकील होते, भले गृहस्थ. मी म्हटलं, आक्का आजाऱ्यांना राबवते, नोंदीत अडथळा येतो. संकेश्वरच्या धर्मशाळेत नवी कुटुंबं उतरली आहेत, तिथं स्वयंपाकाला कोणी नाही, तिला तिकडं पाठवावं. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. वकीलसाहेबांनी मान डोलावली. आक्कानं निरोप ऐकला, जात्याचे दोन्ही दगड गाडीत चढवून घेतले आणि जाताना मला म्हणाली, "म्हाताऱ्या गवंड्याला ताक जरा कोमट करून द्या, त्येला खोकला हाय." मी त्या रात्री फार शांत झोपले.

तिसऱ्या दिवशी शाळेतून आले तर ताई खोलीवर नव्हती. वखारीत नव्हती. विहिरीपाशी माणसं पाठवली. शेवटी एका गाडीवानानं सांगितलं की एक बाई अनवाणी संकेश्वरच्या रस्त्याला लागलेली त्यानं पाहिली. जी बाई इतकं चालून जीव वाचवून माझ्या दारात आली होती, तिला मी पुन्हा चालायला लावलं होतं.

सकाळच्या पहिल्या मोटारीनं मी संकेश्वर गाठलं. धर्मशाळेच्या ओसरीवर ताई बसली होती, तळव्यांना हळद लावलेली, मांडीवर सूप. आक्का म्हणाली, "बसा. घाबरू नगा, पाय तेवढं भाजल्यात." मग तिनं माझ्याही हातात आंबिलीची वाटी दिली. मी ती खाली ठेवली आणि ताईला म्हटलं, "चल घरी."

ताईनं वर पाहिलं. परत आल्यापासून ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. "शांते, मला हिच्यापाशी राहू दे."

मी एकटीच परतले. पुढं माणसं येईनाशी झाली, धर्मशाळा रिकामी झाली, आणि ताई आक्काबरोबर सदलग्याला गेली. सणासुदीला मी जायची. दोघी शेतात खपायच्या, सांजेच्या आत एकत्र जेवायच्या. ताईनंही सूर्यास्तानंतर जेवणं सोडलं होतं. तिच्या बोलण्यात "लई" आणि "न्हाय" येऊ लागलं होतं. ती हसायचीसुद्धा. मला आनंद व्हायला हवा होता. मी मोटारीत बसून निपाणीपर्यंत चरफडत यायची.

पंचेचाळीसच्या थंडीत आक्का न्यूमोनियानं गेली. मी पोचले तेव्हा तिला नेऊन झालं होतं. ताई अंगणात बसून मोठ्यानं रडत होती. घरी परत आल्यापासून तिला रडताना कोणी पाहिलं नव्हतं. मी दारात उभी राहिले आणि खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा मला मेलेल्या बाईचा हेवाच वाटला.

आठवडाभर मी तिथं राहिले. एका दुपारी ताई आपण होऊन बोलायला लागली. श्यामला डोंगरातल्या एका मुक्कामावर ताप आला. भावोजी पाणी शोधायला गेले ते परतलेच नाहीत. दोन दिवसांनी श्याम गेला. तिनं हातांनी माती उकरली. ओली माती होती म्हणून जमलं, असं ती म्हणाली. मग म्हणाली, "आक्काची दोन पोरं मानमोडीच्या साथीत एका दिवशी गेली. मी सांगितल्यावर तिनं सांगितलं." एवढ्या वर्षांत आक्काला मुलं होती की नव्हती, हे मला ठाऊक नव्हतं.

आक्का उरली नाही म्हणून हे माझ्या वाट्याला आलं, हे मला कळत होतं. मी मान खाली घालून म्हटलं, "ताई, तिला निपाणीतून मीच हलवलं होतं. अध्यक्षांना मीच जाऊन सांगितलं."

"ठाऊक आहे."

"तुला?"

"दोघींनाही. गाडीत जातं चढवतानाच तिला कळलं होतं."

"मग काय म्हणाली ती?"

"म्हणाली, तुझी भण तुझ्यावर लई जीव टाकती. तिला ऱ्हावंना, म्हणून केलं तिनं. तिला टाकू नगो."

मला वाटलं होतं, मी खालमानेनं शिवी ऐकेन. हे ऐकायची तयारी नव्हती. आणि त्याही वेळी मनात आलं, हे वाक्य तिनं ताईला सांगितलं, मला का नाही? आंबिलीची वाटी घेऊन ती माझ्यासमोर उभी होती, तेव्हाच सांगितलं असतं तर? मग आठवलं, ती वाटी मी खाली ठेवली होती. मी ताईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि रडले. ताईचा हात माझ्या केसांत फिरत राहिला, बराच वेळ.